बंदुकीवरची दुर्बीण: किती मोठं दिसायला हवं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज बंदुकीच्या दुर्बिणीवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. पण धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न खरा आहे. मक्यात रानडुकरं शिरतात, हरभऱ्यात रोही लोळतात. एखाद्याकडे परवान्याची रायफल असते, वनखात्याची लेखी परवानगीही हातात पडते आणि मग तो विचारतो की सर, दुर्बीण कोणती बसवू? दुकानदार म्हणतो, जितक्या जास्त पटीची तितकी चांगली. आमचं म्हणणं जवळजवळ याच्या उलट आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचे परवाने संपवले. उरली ती कलम ११ ची वाट. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठराविक प्राण्यांपुरती, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने. त्यामुळे 'मोठी शिकार' म्हणजे आपल्याकडे आज फार तर रोही आणि रानडुक्कर. पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे शब्द अगदीच पोकळ नाही.

आता दुर्बीण. तिच्यावर ३-९×४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत मोठं दिसतं. चाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक नऊवर बोट ठेवतं. आम्ही म्हणतो, चाळीसला नऊने भागा. उत्तर येतं साधारण ४.४. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटर जाडीचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे नऊ पटीवर डोळा जेवढा प्रकाश घ्यायला तयार आहे, तेवढा त्याला मिळतच नाही. तीच दुर्बीण पाच पटीवर आणा, झोत आठ मिलिमीटरचा होतो आणि संध्याकाळचं शेत एकदम उजळतं. जर्मनीत रात्री मचाणावर बसणारे शिकारी वर्षानुवर्षं ८×५६ वापरत आले. छप्पन भागिले आठ, बरोबर सात. हिशेब हाच. मात्र सत्तरीतल्या आमच्यासारख्याची बाहुली पाचच्या आसपासच अडकते. आम्ही छप्पनचं जड भिंग घेतलं, तर जास्तीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जाणार. तेव्हा विकत घेण्याआधी आपलं वयही मोजावं.

दुसरी गोष्ट चौकटीची. साध्या ३-९ दुर्बिणीत शंभर मीटरवर तीन पटीला सुमारे अकरा मीटर रुंदीचा देखावा मावतो आणि नऊ पटीला जेमतेम चार. आता जनावर तीस मीटरवर आलंय असं धरा. नऊ पटीवर चौकट उरते सव्वा मीटरची. रोही त्याहून लांब! तुम्हाला दिसेल नुसतं कातडं. डोकं कुठे, पुढचा पाय कुठे, मागे दुसरं कोणी उभं आहे का, काही कळणार नाही. म्हणूनच आफ्रिकेत रेड्यासारख्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी १-४×२४ सारख्या, एक पटीपासून सुरू होणाऱ्या दुर्बिणी बसवतात. डोंगराळ मुलुखात तीनशे मीटरवरचं जनावर पाहणाऱ्याला नऊ-दहा पटी लागतात, हे कबूल. आपल्या शेताची लांबी किती? आणि हातात काय आहे? बारा बोअरच्या साध्या बंदुकीची गोळी पन्नास-साठ मीटरपलीकडे भरवशाची नाही. तिच्यावर नऊ पटीची दुर्बीण म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ ची रायफल असेल, तरी आमच्या मते चार-सहा पटी पुष्कळ झाल्या.

काचेचं मात्र बारकाईने पाहा. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. सहा भिंगं, बारा पृष्ठभाग धरले तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी एकसष्ट टक्के डोळ्यापर्यंत पोचतो. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हे परतणं कमी करण्याची रीत काढली. आजच्या चांगल्या, अनेक थरांच्या लेपाने तोच आकडा नव्वदच्या पुढे जातो. तेव्हा दोन दुर्बिणी सारख्याच किमतीत मिळत असतील, तर कमी पटीची आणि चांगल्या लेपाची घ्या. (आमच्या विषयातला स्पिनोझा भिंगं घासून पोट भरायचा. त्याच्या नीतिशास्त्रापेक्षा त्याची भिंगं त्या काळी जास्त खपली असावीत, असं आम्ही वर्गात गमतीने म्हणायचो.)

डोळा आणि मागचं भिंग यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहायला हवं. नाहीतर बार झाला की दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर काढते. आतली अधिक-खूण जाड दांड्यांची असावी. बारीक काळी रेघ काळ्या जनावरावर संध्याकाळी विरघळून जाते. लाल ठिपका पेटणारी घ्यायची असेल, तर तो अगदी मंद करता आला पाहिजे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, भडक ठिपक्याने ती मेहनत क्षणात जाते. मोबाइल पाहिला तरी तेच.

आता ज्यासाठी इतकं बोललो, ते. लहानपणी आमचे एक काका ठासणीची बंदूक घेऊन जागलीला जात. एका रात्री बांधालगत काळं, बुटकं, हलणारं काहीतरी त्यांना दिसलं. घोडा दाबणार तोच ते काळं खोकलं. शेजारच्या शेतातला माणूस होता तो, घोंगडी पांघरून उकिडवा बसलेला. काकांनी पुढे बंदूक खुंटीवरून काढलेली आम्ही पाहिली नाही. आम्हाला तेव्हा वाटायचं की चूक अंधाराची. पुढे ज्ञानमीमांसा शिकवताना उमगलं की काकांना दिसलं ते चुकीचं नव्हतंच. काळं होतं, बुटकं होतं, हलत होतं. 'डुक्कर' हा शब्द त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला, कारण ते डुकराचीच वाट पाहत होते. दुर्बीण हे काळं मोठं करून दाखवेल. पदरचा शब्द ती काढून घेत नाही.

आपल्या शेजारी ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ च्या डिसेंबरात तर टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ शेताशिवारांतून शेकडो किलोमीटर चालत तिथे पोचला होता. मक्याच्या कडेला मान खाली घालून उभं असलेलं अस्वल आणि रानडुक्कर पाठीमागून बघा, मग समजेल. एकाला परवानगी आहे, दुसऱ्यासाठी तुरुंग आहे.

म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीने शोधायचं नाही. तिने शोधू लागलात की जे जे पाहाल त्यावर नळी रोखलेली असते, मग तो शेजारी का असेना. शोधायचं ते गळ्यात अडकवलेल्या साध्या, दोन डोळ्यांच्या ८×४२ दुर्बिणीने. कान, सोंड, शेपूट, चाल, यांतल्या दोन गोष्टी तरी वेगवेगळ्या ओळखल्या, पाठीमागे मातीचा बांध आहे हे पाहिलं, तरच बंदुकीला हात. कुणी आम्हाला विचारलं की पैसे एवढेच आहेत, तर आम्ही सांगतो की निम्मे या गळ्यातल्या दुर्बिणीवर घाला.

आणि दुकानात भर दुपारी रस्त्यापलीकडची पाटी वाचून दुर्बीण पसंत करू नका. दुपारी स्वस्तातलीही छान दिसते. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने या असं दुकानदाराला सांगा, बंदुकीवर न बसवता नुसती हातात घ्या आणि ऐंशी-शंभर मीटरवरच्या झाडाखालच्या सावलीत पाहा. तिथे फांदी आणि पान वेगळं दिसलं तर पैसे काढा.