जुलैचा रंधा, डिसेंबरची फट

कांदिवलीत पावसाने जोर धरला की सुतारमिस्त्रींचे फोन वाजू लागतात. चारकोपच्या सेक्टरमधल्या म्हाडाच्या घरांपासून ठाकूर व्हिलेजच्या टॉवरपर्यंत तक्रार एकच: बेडरूमचं दार फुगलंय, नीट लागत नाही. मिस्त्री येतो, कडेवर रंधा फिरवतो, जमिनीवर ढलप्यांचा ढीग पडतो आणि दार पुन्हा सहज बसतं. दुखणं कळतं ते दिवाळी उलटल्यावर. हवा कोरडी होते, लाकूड आटतं आणि दार नि चौकट यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटरची फट उघडी पडते. मग आत दहावीचा अभ्यास चाललेला असतो आणि हॉलमधल्या मालिकेचा शब्द न् शब्द तिथे ऐकू येतो.

फुगलेलं दार आणि खोलीत शिरणारा आवाज या दोन स्वतंत्र तक्रारी मानल्या जातात, पण घरोघरी एकीचा उपाय दुसरीला जन्म देतो.

लाकूड कापून, सुकवून, पॉलिश करून वर्षं लोटली तरी ते हवेतली वाफ घेत आणि सोडत राहतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा लाकडातला ओलावा त्याच्या वजनाच्या १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. हिवाळ्यात तो १०-११ टक्क्यांवर येतो. या चढउताराने लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. तरीही पॅनलच्या दाराच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी १०० मिलिमीटर रुंद धरल्या, तर दोन्ही मिळून पावसाळ्यात सुमारे २ मिलिमीटर वाढतात. दार आणि चौकट यांच्यात मिस्त्री जागा सोडतो तीही दोन-तीन मिलिमीटरचीच! मधलं पॅनल मात्र खाचेत मोकळं बसवलेलं असतं. ते आतल्या आत फुगतं आणि दाराची रुंदी वाढवत नाही. जुन्या सुतारांच्या या रचनेला दाद द्यावी तेवढी थोडी आहे.

आताच्या फ्लॅटमध्ये बहुतेक दारं फ्लश असतात. त्यांत प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात आणि दार फारसं फुगू देत नाहीत. त्यांची दुबळी जागा म्हणजे कडा. दोन्ही अंगांना सनमायका लागतो, दर्शनी कडेला पट्टी लागते. वरची आणि खालची कड मात्र कोरीच राहते, कारण ती कुणाला दिसत नाही. रोज फरशी पुसताना खालची कड पाणी पिते. दार तिथूनच फुगायला लागतं आणि पुढे प्लायचे थरही सुटतात. दार बसवण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर आणि रंग किंवा पॉलिशचे दोन हात द्यावेत, असा आग्रह मिस्त्रीपाशी धरायलाच हवा.

रंधा मागवण्याआधी दार कुठे घासतंय ते पाहावं. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी फटीतून फिरवली की कळतं. ती पूर्ण उभ्या कडेला अडकत असेल तर दार फुगलंय. फक्त कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात अडकत असेल तर बहुधा बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार लोंबलंय. तेव्हा वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकाव्यात, ते वाळलं की स्क्रू पुन्हा आवळावेत. रंध्याची गरजच उरत नाही. दार खरोखर फुगलं असेल, पण जोर लावून का होईना लागत असेल, तर घासणाऱ्या जागी मेणबत्ती चोळून पावसाळा काढावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाकूड आटल्यावर किती जागा मोकळी होते ते पाहूनच रंधा चालवावा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगाने बंद करावी.

आवाजाचं गणित याहून कठोर आहे. ९०० बाय २१०० मिलिमीटरच्या दाराखाली १० मिलिमीटरची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्काही भरत नाही. पण तेवढ्याने दार कितीही जाड असलं तरी आवाज २३ डेसिबलहून जास्त अडत नाही. फट २० मिलिमीटर झाली की ही मर्यादा २० वर येते. म्हणून महागडं भरीव दार घेऊन फट तशीच ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पोकळ दार बदलून भरीव बसवावं हे खरं, कारण आवाज वजनाने अडतो. मात्र आधी फटी बुजवाव्यात. दाराला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवले तर खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. बाहेरचा आवाज त्याने थांबत नाही. न्यू लिंक रोडवरच्या मेट्रोचा आणि रिक्षांचा आवाज तर मुख्यतः खिडकीतून येतो. त्याला दाराचा इलाज लागू पडत नाही.

फट बुजवायची, पण दार फुगायला जागाही ठेवायची, हे रबरी पट्टीने साधतं. मात्र ती दाराच्या कडेला लावायची नाही. चौकटीच्या खाचेत, बंद दाराचं अंग जिथे टेकतं तिथे, ती तिन्ही बाजूंनी लावायची. दार रुंदीत दोन मिलिमीटर वाढो वा आटो, पट्टीवरचा दाब तसाच राहतो. पोकळ, दाबली जाणारी ईपीडीएम रबराची पट्टी घ्यावी. स्पंजची स्वस्त पट्टी लवकर चपटी होते. खालच्या बाजूला पूर्वी उंबरठा हे काम करायचा. आता बेडरूमला उंबरठा नसतो, म्हणून दार बंद होताच आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते, ती बसवावी. खोलीचं भाडं भरणाऱ्यांना चौकट-दाराला हात लावता येत नसेल, तर दाराखाली दोन्ही बाजूंनी अडकवायची गुंडाळी पुरे.

बाथरूमचं दार मात्र या सगळ्यातून वगळावं. गॅस गीझर आत असेल तर दाराखालची फट किंवा वरची जाळी कधीही बुजवू नये. कोंडलेल्या जागेत गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि अंघोळीला गेलेलं माणूस शुद्ध हरपून पडतं. अशा बाथरूममधून पाण्याचा आवाज येत असला तर येऊ द्यावा, आणि गीझरच बाहेर हलवता येतो का ते प्लंबरला विचारावं.