गणिताच्या पुस्तकाला टीकाकार हवा

रावेर ते बऱ्हाणपूर हा रेल्वेचा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. दोन्हीकडे केळीचे मळे, दोन्हीकडे घरात खानदेशी वळणाची मराठी, आणि सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्यांची. दहावीचं गणित मात्र महाराष्ट्र-मध्य प्रदेशाची सरहद्द ओलांडताच बदलतं. रावेरची मुलगी बालभारतीची दोन पुस्तकं शिकते, भाग 1 आणि भाग 2, आणि चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर देते. बऱ्हाणपूरच्या तिच्या मामेबहिणीपुढे एनसीईआरटीचं चौदा प्रकरणांचं एकच हिंदी पुस्तक असतं. रावेरच्या भाग 1 मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड असं सगळं येतं. बऱ्हाणपूरच्या पुस्तकात ते नाही. भौमितिक रचना रावेरला आजही स्वतंत्र प्रकरण म्हणून आहेत. एनसीईआरटीच्या दहावीत हे प्रकरण 2022च्या कपातीत गेलं. माझं मत विचाराल तर ते जायला नको होतं. हातात कंपास धरल्याशिवाय भूमिती डोक्यात उतरत नाही.

घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा मुलांचा आणखी एक घोळ असतो. आजोबांनी शिकवलेला लसावि शाळेत लघुत्तम समापवर्त्य होतो, अपूर्णांकाचा भिन्न होतो, काटकोनाचा समकोण होतो. हा घोळ महिनाभरात निस्तरतो, त्याचा फार बाऊ करण्याचं कारण नाही. खरी अडचण नव्या अभ्यासक्रमाची आहे.

2023च्या ऑगस्टमध्ये शालेय शिक्षणाचा नवा राष्ट्रीय आराखडा आला. त्यानंतर 2024 मध्ये सहावीचं आणि 2025 मध्ये सातवी-आठवीचं ‘गणित प्रकाश’ निघालं. या पुस्तकांची जातच वेगळी आहे. सूत्र, सोडवलेलं उदाहरण आणि खाली वीस गणितांचा सराव, हा जुना शिरस्ता मोडला आहे. मुलांनी आधी आकृतिबंध शोधावा, अंदाज बांधावा, तो का बरोबर आहे हे आपापसात वाद घालून ठरवावं, अशी अपेक्षा आहे. बौधायन, ब्रह्मगुप्त, विरहांक ही नावं धड्यात येतात. महाराष्ट्रातही नव्या आराखड्याप्रमाणे पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. म्हणजे ‘का?’ विचारायची सवय लागलेली मुलं आता नववी-दहावीच्या उंबरठ्यावर आहेत आणि तिथे बोर्डाची परीक्षा त्यांची वाट पाहते आहे.

पुस्तक मिळत नाही अशी तक्रार आता उरलेली नाही. एनसीईआरटी आणि बालभारती दोन्हींची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ पोर्टलवर व्हिडिओ उघडतो. पण वर्गात एका मुलानं भलताच अंदाज बांधला तर पुढे काय करायचं, हे शिक्षकाला सांगणारं कुणी नाही. बाजारातली गाइडं उत्तर देतात. नव्या पुस्तकाला उत्तरापेक्षा अधिक काहीतरी लागतं आणि ते काय, याचा दाखला याच तापीच्या खोऱ्यात आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त काळ चाललेलं गणिताचं पाठ्यपुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची लीलावती. शके 1036 म्हणजे इ. स. 1114चा जन्म, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहून पूर्ण. अंकगणिताची लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर पंडितांचा वाद मिटलेला नाही. मात्र चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडला, त्यात वाद नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो 1865 मध्ये जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. (तापी-पूर्णा संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते योगी चांगदेव निराळे, यात्रेकरूंची हमखास गल्लत होते.) या नातवानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं शके 1128 मध्ये त्याला दान दिलं. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीतला राजाचा वाटा मठाला द्यावा, तेलाच्या दर घाण्यामागे इतकं तेल द्यावं, असा रोकडा हिशेब तिथे कोरला आहे. पुस्तक लिहून झालं की काम संपत नाही, ते शिकवणाऱ्यांच्या दिवाबत्तीची तजवीज करावी लागते, हे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशातल्या एका छोट्या सामंताला कळलेलं होतं.

तरीही नुसत्या मठावर लीलावती सातशे वर्षं तरली नसती. तिला टीकाकार मिळाले. सूत्रं श्लोकात, आटोपशीर, कारण न देता सांगितलेली. ती का खरी हे टीकाकारानं उलगडायचं. या उलगड्याला उपपत्ती म्हणत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली ती अशीच. भास्कराच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ लिहिणारे कृष्ण दैवज्ञ तर आपल्या आणखी जवळचे. त्यांचं घराणं विदर्भातल्या पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचं. पुढे काशीला गेलेलं. ऋण संख्या म्हणजे काय हे कृष्ण दैवज्ञ तीन परींनी समजावतात: दिशा उलटली की, काळ उलटला की, आणि वस्तू आपली न राहता देणं झाली की. आज सहावी-सातवीत संख्यारेषा शिकवताना शिक्षक हेच करतो. जातकपद्धतीवर लिहिताना त्यांनी उदाहरणाला कुंडली घेतली ती चक्क अब्दुर्रहीम खानखानाची. तोच रहीम, ज्याची बरीच वर्षं बऱ्हाणपुरात गेली. जवळचं, ओळखीचं उदाहरण घ्यायचं, हा टीकाकाराचा बाणा. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 मध्ये लीलावती फारसीत नेली. 1817 मध्ये कोलब्रुकनं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा तळटीपांसाठी त्याला गणेश आणि कृष्ण यांच्याही टीका उघडाव्या लागल्या.

आता टीकाकाराच्या नजरेनं आजचं बऱ्हाणपूर पाहू. रहीमच्याच काळात, 1615 मध्ये, इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली कुंडी भंडारा खोदला गेला. 2024 मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. लोक लिफ्टनं खाली उतरून फोटो काढतात. तिथे दहावीचा अख्खा धडा पडून आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं शहराकडे येतं आणि वाटेत शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या आहेत. समजा, दोन कुंड्यांमध्ये 20 मीटर अंतर आहे. जमीन शंभर मीटरला 1 मीटर उतरते, बोगदा मात्र शंभर मीटरला 20 सेंटिमीटरच. मग दर कुंडीला जमीन 20 सेंटिमीटर खाली येईल आणि बोगदा 4. म्हणजे पुढची प्रत्येक कुंडी आधीच्यापेक्षा 16 सेंटिमीटर उथळ. ही झाली अंकगणिती श्रेढी. पहिली कुंडी 24 मीटर खोल धरली तर एक्कावन्नावी 16 मीटर असेल. आणि बोगदा जमिनीच्या वर कधी येईल? 24 भागिले 0.16 म्हणजे 150 टप्प्यांनंतर, 3 किलोमीटरवर. हीच माहिती आलेखावर मांडली की दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि दोन चलांतली रेषीय समीकरणं हाती येतात. वरचे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. मुलांनी खरी खोली मोजली तर जमीन सरळ रेषेत उतरत नाही हे लक्षात येईल, आणि तिथून सांख्यिकी सुरू होईल.

जामा मशिदीत असाच एक धडा भिंतीवर आहे. आदिलशाह फारुकीनं बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. संस्कृतात संवत 1646 आणि शके 1511, अरबीत हिजरी 997. संवत आणि शक यांत फरक कायम 135चा, त्यामुळे वजाबाकीनं भागतं. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. तिथे वजाबाकी पुरत नाही, 0.97नं गुणून 622 मिळवावे लागतात. रेषेच्या चढाचं गणित इतकं सहज दुसरीकडे क्वचित सापडेल. केळीबागायतदाराच्या घरच्या मुलाला तर दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी किती खोडं बसतात हे माहीत असतंच (चार हजार चारशे चव्वेचाळीस), फक्त ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं करायला विद्यापीठ लागत नाही. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचा 6174 आज सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये आहे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आणि हेच करत राहा. कुंडी भंडाऱ्याचं साल घेतलं तर 6511 वजा 1156 म्हणजे 5355. पुढे 1998, 8082, 8532 आणि पाचव्या पायरीला 6174. कापरेकरांनी हे 1949च्या सुमारास शोधलं. गणितज्ञांच्या जगात त्यांना बरीच वर्षं कुणी मोजत नव्हतं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा नाव झालं.

बऱ्हाणपूर आणि रावेर दोन्हीकडच्या गणित शिक्षकांनी मिळून अशी पन्नास-साठ पानांची टीका लिहायला हरकत नाही: डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर हिंदी, प्रत्येक धड्याला गावातलं एक उदाहरण, त्याची उपपत्ती आणि मुलं जिथे अडतात त्या जागा. छापायला कागद लागेलच, आणि देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना याच जिल्ह्यात, नेपानगरला आहे. घाण्यामागच्या तेलाचा हिशेब मात्र आधी कुणीतरी मांडायला हवा.