नावावर पडणारा हप्ता

पीएम किसानचा हप्ता पडायच्या आधी ऑनलाइन सेंटरवर गर्दी असते ती केवायसीवाल्यांची. पडल्यावर त्याहून मोठी गर्दी होते. "सगळ्याइचे पडले, माहेच काहून नाई?" हे विचारायला आलेल्यांची. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी या दुसऱ्या गर्दीत बसून होतो.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे तेवढेच आणखी. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना, म्हणजे एका हप्त्यात दोन पोतीही येत नाहीत. पण सोयाबीन काढणीच्या तोंडावर मजुरांना द्यायला घरात रोकड नसते तेव्हा या दोन हजारांना फार किंमत असते. म्हणून माणसं रोज बुडवून येतात.

सेंटरवरचा मुलगा आधार क्रमांक टाकतो आणि तीन गोष्टी बघतो: केवायसी, बँकेशी आधार जोडणी, लँड सीडिंग म्हणजे सातबाऱ्याची जोडणी. एकीपुढेही 'नो' असलं की हप्ता अडकला. केवायसीत सर्वांत जास्त वेळ बोटांवर जातो. निंदण-सोंगणीत आयुष्य गेलेल्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. "दाबू नको आजी, नुसतं ठेव," मुलगा म्हणतो. अंगठा, मग तर्जनी, मग दुसरा हात. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा अंगठा. जिनं सर्वांत जास्त काम केलं तिचीच ओळख यंत्राला पटत नाही, हे बघताना मला फार त्रास झाला.

बँकेचा घोळ वेगळा. योजनेच्या अर्जात कुठलंही खातं लिहिलेलं असो, पैसे जातात ते आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं तिथं. मध्येच कुणीतरी गावात येऊन नवं खातं उघडून देतो, आधार तिकडे जोडलं जातं, आणि माणूस जुनं पासबुक घेऊन बँकेच्या चकरा मारत राहतो. पैसे आलेले असतात, फक्त त्याला माहीत नसलेल्या खात्यात. हे मात्र पाच मिनिटांत सापडतं, आणि असा माणूस हसत घरी जातो.

जमिनीचं तसं नाही. सातबारा १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवा; नंतर आलेली जमीन वारशानं आली असेल तरच चालते. नवरा गेलेल्या बाईला आधी वारस नोंद करावी लागते, फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते, मग नव्यानं अर्ज. दिरानं हरकत घेतली की ते सगळंच लांबतं. शेत तोवर तीच करत असते.

आणि बटईनं शेत करणाऱ्याला तर या दारातून वाटच नाही. बियाणं, खत, फवारणी, पाऊस चुकला तर बुडणं, हे सगळं बहुतेकदा त्याचं. हप्ता मालकाच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला, कारण सातबारा त्याच्या नावावर. चेहरा दाखवून केवायसी त्याला मोबाइलवरही करता येते. बटईचा कागद कुणी करत नाही, कारण कागद झाला की कूळ लागेल ही मालकाची भीती. ती भीती जुनी आहे आणि कूळकायद्याच्या इतिहासात तिला कारणही आहे. पण तिच्यामुळे जमीन कसणारा सरकारच्या एकाही यादीत दिसत नाही.

यावर इलाज निघू शकतो. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये पीक घेणाऱ्याच्या हक्काचा कायदा केला. मालकाच्या संमतीनं अकरा महिन्यांचं कार्ड. त्यातून जमिनीवर कुठलाही हक्क तयार होत नाही, पण कर्ज, विमा, मदत यांसाठी कसणाऱ्याचं नाव कागदावर येतं. तिथल्या रयतु भरोसा योजनेनं अनुसूचित जाती-जमाती, मागास आणि अल्पसंख्य समाजांतल्या भूमिहीन बटईदारांना पैसेही दिले. आपल्याकडे शेतकरी ओळख क्रमांकाची मोहीम गावोगाव झाली, पण तो क्रमांकही सातबाऱ्यालाच बांधलेला. निदान त्यात कसणाऱ्यासाठी एक रकाना ठेवायला हवा होता, आणि तो अजूनही ठेवता येईल.