वजनं उचलायची, पण बेताबेतानं

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई मोरीत घसरल्या. पडताना हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. उमेदीच्या काळात ज्यांनी विहिरीवरून डोक्यावर हंडा अन् कडेवर कळशी असं पाणी वाहिलं, त्यांना दीड महिना साधा तांब्या उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची पस्तिशी उलटली ना? तुम्ही आत्तापासून थोडी वजनं उचलायला लागा."

घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाईच हसल्या. "अगं, आम्ही जन्मभर वजनंच उचलली. आता त्यासाठी पैसे मोजायचे?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आता पाणी नळाला येतं, दळण गिरणीत जातं, वाटण मिक्सरवर होतं. कष्ट वाचले हे चांगलंच झालं, मात्र त्याबरोबर स्नायूंना मिळणारा ताणही गेला. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि पाळी गेल्यावर हाडं जास्त वेगानं झिजतात. स्नायूंवर आणि हाडांवर बेतानं भार पडत राहिला, तर ही झीज मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सल्ल्यातही आठवड्यातून निदान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. वयस्क माणसांनाही तो लागू आहे.

सकाळी डबे, दुपारी शाळा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. आमच्या आळ्यातून रोज उठून जिमला जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून वजन कमीजास्त करता येणारे डंबेल्स घरीच आणायचं ठरलं. आणि पहिल्याच खरेदीत मी फसले.

एका दुकानातून "१० किलोचा संच" घेतला. घरी येऊन पाहते तो २ दांडे आणि सव्वा किलोच्या ८ चकत्या. म्हणजे एका हाताला ५ किलोच्याच चकत्या, आणि दांड्याचं वजन निराळं. माझा दांडा नटांसह दीड किलोचा. दोन्ही टोकांना एकेक चकती लावली की एकदम ४ किलो, पुढची जोडी लावली की साडेसहा! दीडवरून चारवर उडी मारायची, हे आपल्या हाताला कसं झेपावं? तरी हट्टानं उचलत राहिले. एके दिवशी नट सैल झाला आणि चकती निसटून फरशीवर आदळली. फरशीचा टवका उडाला. माझी धाकटी वीतभर अंतरावर बसून चित्र काढत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

मैत्रिणींनो, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. दुकानदार "किती किलोपर्यंत जातं" हे सांगतो. आपण विचारायचं ते असं, "वजन किती किती वाढवता येतं?" चकत्या नेहमी दोन्ही टोकांना सारख्या लावाव्या लागतात, म्हणून वाढ दुप्पट होते. सव्वा किलोच्या चकतीनं अडीच किलो वाढतात, अर्ध्या किलोच्या चकतीनं एकच. मी नंतर अर्ध्या किलोच्या ८ चकत्या वेगळ्या आणल्या. आता माझे डंबेल्स दीड, अडीच, साडेतीन, चार, पाच असे पायरीपायरीनं वाढतात.

घेताना आणखी एवढं पाहा:

नट : आटे खोल आणि स्वच्छ हवेत, नटाला आतून रबराची चकती हवी. घट्ट करून दुकानातच हलवून पाहा. खडखडलं तर परत ठेवा.

दांडा : बोटं पुरती मिटली पाहिजेत, फार जाड दांडा हातात ठरत नाही. घामानं सटकू नये म्हणून मुठीच्या जागी खाचा असाव्यात.

चकती : वेगळ्या चकत्या घेताना दांडा बरोबर न्या. भोकाचा आकार सगळ्यांचा सारखा नसतो. लोखंडी चकत्या आटोपशीर आणि टिकाऊ. प्लास्टिकच्या आत सिमेंट भरलेल्या स्वस्त पडतात, पण आकारानं मोठ्या असतात आणि आपटल्या की तडकतात.

फिरवायच्या चकरीचे डंबेल्स : चकरी फिरवली की हवं तेवढं वजन उचललं जातं, बाकीचं बैठकीत राहतं. सोयीचे खरे, पण महाग. आतली यंत्रणा आपटून चालत नाही आणि बिघडली तर गावात दुरुस्त होणं कठीण. घरात दोघंतिघं वापरणार असतील तरच विचार करा.

आणि खरेदीआधी एक बिनपैशाची परीक्षा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. भरलेल्या बाटल्या घेऊन १५ दिवस व्यायाम करा. उत्साह टिकला तरच पैसे घाला. सुरुवातीचं वजन असं घ्यावं की १०-१२ वेळा उचलताना शेवटच्या दोन खेपा जड जातील, पण श्वास कोंडणार नाही. रक्तदाब, हर्निया, अंग बाहेर येणं, नुकतंच बाळंतपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दर खेपेला नट पुन्हा आवळा, खाली जाड सतरंजी टाका, मुलांना दूर बसवा. पावसाळ्यात लोखंड कोरडं पुसून आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा.

"बायकांनी कशाला वजनं उचलायची?" असं कुणी म्हणालं, तर सांगलीच्या काजोल सरगरचं नाव सांगा. २०२२ साली हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तिनं ४० किलो वजनगटात एकूण ११३ किलो उचलून सुवर्णपदक मिळवलं. आपल्याला पदक नको. १४.२ किलो गॅसनं भरलेलं सिलिंडर टाकीसकट ३० किलोंच्या घरात जातं. ते सरकवताना कंबर धरू नये आणि साठीत मोरीत पाय घसरला तर सावरता यावं, एवढंच हवं.

परवा मी व्यायाम करत असताना सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. डॉक्टरांनी हाताला हलका व्यायाम सांगितलाच होता. म्हणाल्या, "ती अर्ध्या लिटरची बाटली दे गं इकडे. आणि तुझा नट आवळलास का?"