चप्पल नेमकी कुठे काढायची?

के-ड्रामात एक सीन हमखास येतो. जुनं घर, लाकडी ओटा, त्यावर पाय सोडून बसलेली नायिका आणि खाली दगडावर नीट काढून ठेवलेले बूट. आधी मी फक्त हीरोकडे बघायचे (खोटं कशाला बोलू!). पण कोरिया, चीन, जपानमधल्या जुन्या घरांबद्दल वाचायला लागल्यापासून नजर आधी बुटांवर जाते. बूट कुठे उतरतात यावरून ते घर ‘आत’ कशाला म्हणतं, ते कळतं ना!

कोरियन हानोकमध्ये ही रेषा एकदम स्पष्ट. अंगण मातीचं, मुद्दाम मोकळं सोडलेलं. तिथे धान्य वाळायचं, लग्नंही लागायची. मग दगडी पायरीवर बूट काढून वर चढायचं. मधला ‘मारू’ लाकडी फळ्यांचा, खालून हवा खेळणारा, उन्हाळ्यासाठी. बाजूच्या खोल्या ‘ओंडोल’च्या. चुलीची धग आणि धूर जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचा, की आख्खी जमीन ऊबदार! तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. अशा जमिनीवर रस्त्याची धूळ कोण आणू देईल?

बीजिंगच्या सिहेयुआनचं गणित वेगळं. चारही बाजूंना खोल्या, मध्ये चौक. आपला वाडाच आठवतो. गल्लीकडे जवळपास कोऱ्या भिंती आणि दार उघडलं तरी समोर आडोशाची भिंत. म्हणजे ‘आत’ मोठ्या दारापासूनच सुरू. खोल्यांतली जमीन विटांची, बसायला खुर्च्या, त्यामुळे बूट पायातच. ते उतरतात ‘कांग’वर, म्हणजे खालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर चढताना. उत्तरेची, दक्षिणेकडे तोंड असलेली ऊबदार खोली घरातल्या मोठ्यांची, बाकीच्यांच्या खोल्याही मानाप्रमाणे ठरलेल्या. १९४९ नंतर यातली बरीच घरं अनेक कुटुंबांत वाटली गेली. माणसं वाढली, जागा तेवढीच. मग चौकातच स्वयंपाकघरं आणि जादा खोल्या उभ्या राहिल्या. चौक उरला तो बोळापुरता.

जपानमध्ये खोलीचा आकार आजही ‘इतक्या तातामी चटयांची’ असा सांगतात. पण मला आवडते ती ‘एनगावा’. खोली आणि बाग यांच्यामधली अरुंद लाकडी पडवी. बूट काढलेले, तरी हात पुढे केला की पाऊस लागतो. ही आत की बाहेर? घरालाच ते ठरवायचं नाहीये!

सोलच्या बुकचॉनमध्ये मात्र ठरवावं लागलं. तिथल्या हानोकांमध्ये आजही माणसं राहतात आणि दारात सेल्फीवाल्यांची गर्दी. शेवटी नोव्हेंबर २०२४ पासून काही गल्ल्यांमध्ये संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना बंदी आली. मार्च २०२५ पासून मोडणाऱ्याला १ लाख वॉन दंड.

तिथे जाऊन फोटो काढायचं माझंही स्वप्न आहे. जाईन, पण दहानंतर. आणि दगडावर कुणाचे बूट दिसले तर मोबाइल खाली.