इंजिन बंद म्हणजे विश्रांती नव्हे

न्हावा शेवाला जहाजातून उतरलेला कंटेनर आता कुठे पोचला, हे माल मागवणाऱ्याला घरबसल्या कळतं. जुलै २०१६ पासून इथल्या कंटेनरना आरएफआयडी टॅग लागू लागले. बंदराचं गेट, टोलनाका, सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), जिथून कंटेनर जाईल तिथे त्याची नोंद पडते. तो ओढून नेणारा ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचं उत्तरही गाडीतल्या यंत्रात साठत असतं.

उरण-पनवेल पट्ट्यातल्या एका वाहतूकदाराच्या ऑफिसात बसून मी ते उत्तर शोधत होतो. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर रायगडचा नकाशा आणि ट्रेलरांचे बाण. चालती गाडी हिरवी, थांबलेली लाल. गाडीतलं यंत्र तळहाताएवढं. उपग्रहाकडून जागा घ्यायची, सिमकार्डावरून ती पाठवायची, अचानक बसलेला धक्का मोजायचा आणि इंजिनाचे फेरे वाचायचे, एवढी कामं ते करतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण आणि माडपच्या बोगद्यांत आकाश हरवतं, बाण थबकतो आणि पलीकडे एकदम उडी मारून उगवतो.

पडद्यासमोरचा मुलगा वेगापेक्षा इंजिनाच्या फेऱ्यांकडे जास्त पाहत होता. बोरघाट उतरणाऱ्या एका भरल्या ट्रेलरचा वेग पन्नासच्या आसपास होता आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला सहाशेच्या घरात, म्हणजे गाडी उभी असताना असतात तेवढेच. गाडी न्यूट्रलमध्ये होती. गिअर नाही म्हटल्यावर इंजिनाचा आवर सुटतो, सगळं ओझं ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि खोपोलीच्या अंगाला येईतो पकड सोडतात. मालवाहू गाड्यांना ताशी ८० आणि घातक रसायनांच्या टँकरना ६० किलोमीटरवर अडवणारं वेगनियंत्रक इथे उपयोगाचं नाही. ते इंजिनाला आवरतं, उताराला नाही.

गाडी खाली सुखरूप लागल्यावर मुलानं फोन केला. ‘‘मामा, अमृतांजनच्या खाली गाडी न्यूट्रल होती ना?’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘अ‍ॅव्हरेज कमी पडलं की पैसे तुम्हीच कापता ना?’’

मामांचं म्हणणं खरं होतं. डिझेलचा हिशेब ड्रायव्हरच्या माथी मारायचा आणि सुरक्षेचा उपदेशही त्यालाच करायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय हिशेबही चुकीचा आहे. नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर पाय काढला की डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं. हे मामांना आलेखावर दाखवल्यावर पटलं. मालकानं घाटातली कपात थांबवली, हे त्याहून महत्त्वाचं.

करकचून मारलेल्या ब्रेकचंही तसंच. सिस्टीम त्याला ड्रायव्हरचा दोष समजून गुण कापते. पण समोर उलट्या दिशेनं दुचाकी आल्यावर ब्रेक मारणारा ड्रायव्हर शहाणा म्हणायचा. एकाच जागी वेगवेगळ्या ड्रायव्हरांचे असे ब्रेक जमा झाले तर खोट रस्त्यात शोधावी. कर्नाळ्याच्या वळणांवरून रोज जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

पण सगळ्यात मोठी गफलत लाल बाणात होती. बंदराबाहेरच्या रांगेत इंजिन बंद असलं की अहवालात तो वेळ ‘थांबा’ म्हणून पडतो आणि वाचणारा त्याला विश्रांती समजतो. मी त्या रांगेत केबिनमध्ये बसलो आहे. दर थोड्या वेळानं पुढची गाडी दोन गाड्यांएवढी सरकते, चावी फिरवावी लागते, कागद तपासायला कुणीतरी काच वाजवतं. या तुकड्यांत झोप होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत कोकणातल्या दमट रात्री डास आणि घाम. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत होता. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकदारांना लागू होता. एकदोन गाड्यांचा मालक बहुधा त्याबाहेरच राहायचा.

डुलकी पकडणारे कॅमेरेही आता केबिनमध्ये येताहेत. पापण्या मिटू लागल्या की ते ओरडतात. ते जीव वाचवतील, पण शेवटच्या क्षणी. रांगेतले तुटक थांबे वेगळे मोजले तर तोच धोका कित्येक तास आधी दिसतो. गाडीची जागा आणि चावीची वेळ यंत्र आधीपासून पाठवतंच. ते एकत्र वाचायचं आहे.

या ऑफिसानं अहवालात एक नवा रकाना घातला आहे: गाडी सलग चार तास हललीच नाही, असं शेवटचं कधी झालं? एका रात्री एका ट्रेलरसमोरचा तो आकडा एकोणीस तास होता. गाडी गेटातून सुटली तेव्हा एक वाजून गेला होता आणि चाकणच्या कारखान्याची वेळ होती सकाळी सहा. मुलानं ड्रायव्हरला कळंबोलीला थांबून झोपायला सांगितलं आणि मालकानं कारखान्यात फोन लावला. रात्रपाळीच्या माणसानं आधी नकार दिला, मग आकडा ऐकून अकराची वेळ दिली, फक्त त्या एका गाडीपुरती. मागून त्याच कारखान्याच्या आणखी दोन गाड्या रांगेत होत्या.