आपल्या गावचे आकाश आणि नागपूरचे आकाश

लग्नकार्य निघाले की आपल्या घरी प्रथम एक वही उघडली जाते. मांडव, आचारी, बँड, घोडी, पत्रिका, आहेर अशा बाबी एकीखाली एक लिहिल्या जातात आणि प्रत्येकीपुढे रक्कम मांडली जाते. गेल्या काही वर्षांत या वहीत एका नव्या बाबीची भर पडली आहे. ती म्हणजे ड्रोन. बहुधा ती वेगळी लिहिलीही जात नाही. फोटोवाल्याच्या ठरीव रकमेतच ती येते. त्यामुळे तिच्याविषयी घासाघीस होत नाही आणि विचारही होत नाही. घासाघीस न करता आपण व्यापारी माणसे घेतो अशा वस्तू जगात फार थोड्या. म्हणूनच या एका वस्तूविषयी आमच्या सभासद बंधु-भगिनींस चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी सौंसरच्या एका कुटुंबातील मुलीचा विवाह नागपुरास वर्धा रोडवरील एका मंगल कार्यालयात होता. आम्हीही निमंत्रित होतो. आदल्या दिवशी सौंसरला घरच्या अंगणात झालेल्या कार्यक्रमाचे चित्रण फोटोवाल्याने ड्रोनने केले होते आणि सर्वांस ते फार आवडले होते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी वरात दाराशी येण्याच्या सुमारास त्याने पुन्हा पेटी उघडली. वधूच्या मामांनी सहज विचारले, "येथे उडविण्याची परवानगी काढली आहे ना?" फोटोवाला हसून म्हणाला, "काकाजी, पाच मिनिटांचे काम आहे, कोण पाहतो?" इतक्यात सोनेगावच्या धावपट्टीकडे उतरणारे एक विमान दिवे लावून माथ्यावरून गेले, त्याच्या आवाजात बँडही क्षणभर ऐकू येईना. वधुपित्याने वर पाहिले आणि शांतपणे सांगितले, "पेटी बंद करा." वरपक्षाकडील तरुण मंडळी नाराज झाली. व्याह्यांना पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणणे सोपे नसते, हे ज्यांनी मुली दिल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

त्या रात्री त्या गृहस्थांनी योग्य केले की उगाच धसका घेतला, हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत बराच वेळ चर्चिला गेला. उत्तर शोधताना आम्हांस जे कळले ते येथे देतो.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे, की कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हे खेळणे नव्हे व कॅमेराही नव्हे. ते मानवरहित विमान आहे. आपल्या देशात या विमानाची कथा मोठी वळणावळणाची आहे. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झा विक्रेत्याने आपला माल ड्रोनने एका उंच इमारतीच्या गच्चीवर पोचता केला. जाहिरात छान झाली. पण हवाई वाहतूक नियंत्रणास न कळविता हे झाले म्हणून पोलिसांनी विचारणा केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेद्वारे खाजगी ड्रोन उडविण्यास मनाई केली. पुढे १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची पद्धत आली, मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले, ते जाचक ठरले, आणि अखेर २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे 'ड्रोन नियम २०२१' जाहीर झाले. पंचवीस अर्जांचे पाच झाले व बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार. सरकारी कागद कमी झाल्याचे उदाहरण आम्हां व्यापाऱ्यांच्या पाहण्यात क्वचितच येते, म्हणून हे मुद्दाम नोंदविले.

या नियमांनी देशाच्या आकाशाचे तीन रंगांत वाटप केले आहे. तो नकाशा २४ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाला व केंद्र सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर तो कोणासही पाहता येतो. हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, उंचीपर्यंत उड्डाणास परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. तांबड्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडविताच येत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत विशेष निर्बंध आहेत. ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात केवळ २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर पिवळा भाग सुरू होतो. आणि त्याहून आत जावे तसतसा निर्बंध अधिक कडक होत जातो.

आता आपली गावे पाहू. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून सौंसर सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर, तर पांढुर्णा ऐंशीच्या आसपास. बारा किलोमीटरांचे वर्तुळ आपल्या संत्र्यांच्या बागांपासून फार दूर राहते. म्हणून आपल्याकडे ड्रोन उडविताना कोणी अडवीत नाही, आणि त्यातूनच एक सवय जडते. तीच सवय घेऊन आपण लग्नासाठी, खरेदीसाठी नागपुरास जातो. तेथे मात्र वर्धा रोड, खामला, सोनेगाव, मनीषनगर हे भाग विमानतळाला लागूनच आहेत. सीताबर्डी सरळ रेषेत सुमारे सात किलोमीटर. आणि ज्या इतवारीत आपल्या वाडवडिलांपासून देणेघेणे चालत आले, ती इतवारीही दहा किलोमीटरांच्या आतच. आपला नागपूरशी जेवढा म्हणून संबंध येतो, तो जवळजवळ सारा त्या वर्तुळात बसतो. छिंदवाड्यालाही इमलीखेडा येथे धावपट्टी आहे. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनीही नकाशा पाहूनच पेटी उघडावी.

नागपूरचे आकाश गजबजलेले असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांहून विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परतत. कलकत्त्याच्या पेढीचे पत्र मुंबईस दुसऱ्या दिवशी मिळे ते या व्यवस्थेमुळे. ती सेवा आता राहिली नाही. पण देशाच्या मध्यावरचे हे स्थान मात्र तेच आहे.

कोणी विचारील, उतरणारे विमान इतके उंच असता खालच्या ड्रोनचा त्यास काय उपद्रव? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबाने देता येते. विमान साधारणतः तीन अंशांच्या उताराने खाली येते. त्या हिशेबाने धावपट्टीपासून आठ किलोमीटरांवर ते सुमारे ४२० मीटर उंच असते, पाचवर सुमारे २६०, आणि सव्वादोन किलोमीटरांवर १२० मीटरांच्या खाली येते. म्हणजे कागदावर पुष्कळ अंतर शिल्लक दिसते. परंतु हेलिकॉप्टर या उताराच्या रेषेने येत नाही, आणि ड्रोनही नेहमी मालकाचे ऐकत नाही. आमच्याच भागात एका मिरवणुकीच्या वेळी उडविलेला ड्रोन वाऱ्याने भरकटला, त्याचा संपर्क तुटला आणि दोन दिवसांनी तो एका संत्र्याच्या बागेत झाडाच्या शेंड्यावर अडकलेला सापडला. बागवानाने तो परत दिला. वर चार संत्रीही दिली. तोच धावपट्टीशेजारी भरकटता तर? पक्षी आदळला तरी विमानाचे नुकसान होते. ड्रोनमध्ये तर मोटारीचे धातू आणि लिथियमची बॅटरी असे कठीण भाग असतात.

हे केवळ भय घालणे नव्हे. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडात क्वेबेक शहराच्या विमानतळावर उतरणाऱ्या एका लहान प्रवासी विमानाच्या पंखावर ड्रोन आदळला. आठही जण सुदैवाने सुखरूप उतरले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसची आग विझविणाऱ्या विमानाच्या पंखास एका छोट्याशा ड्रोनने भोक पाडले. उडविणारा इसम आगीचे दृश्य पाहू इच्छीत होता. ड्रोन अडीच किलोमीटर दूर जाऊन त्याच्या नजरेआड झाला होता. आग भडकलेली असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावे लागले. आणि लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये, ऐन नाताळाच्या गर्दीत, ड्रोन दिसल्याच्या वार्तेने धावपट्टी वारंवार बंद करावी लागली. सुमारे एक हजार उड्डाणे रद्द झाली वा अन्यत्र वळवावी लागली, एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले, आणि उडविणारा कोण होता हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. काहीही न आदळता झालेले हे नुकसान आहे. आपल्या दिल्लीतही ऑगस्ट २०१७ मध्ये वैमानिकांस ड्रोन दिसल्यामुळे धावपट्ट्या काही काळ बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

फोटोवाल्यास काय विचारावे, हे आता सांगतो. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यावर दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. लग्नात दिसणारे बरेचसे ड्रोन याच दोन वर्गांतले. नॅनोच्या चालकास प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोचा चालक हौसेने उडवीत असेल तर त्यासही लागत नाही. मात्र पैसे घेऊन काम करणाऱ्या फोटोवाल्याजवळ मायक्रोसाठी चालकाचे प्रमाणपत्र हवेच. पुष्कळ जण सांगतात की "आमचा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, त्यास नियम नाहीत." हे खरे नव्हे. पिवळ्या व तांबड्या भागाचे निर्बंध त्यासही आहेत. नॅनोखेरीज इतर ड्रोनांस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, जसा आपल्या मालमोटारीस असतो. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या विधेयकाचा मसुदा मते मागविण्यासाठी प्रसिद्ध केला. त्यात शिक्षेच्या तरतुदी याहून कडक सुचविल्या आहेत.

गावी सारे हिरवेच, असे मानूनही चालणार नाही. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी निकडीच्या वेळी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तांबडा ठरवू शकतो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आले, आणि ते अधिकारी आता आपल्या गावीच बसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी गोटमार भरते. तिच्यावर पोलिसांचे ड्रोन नजर ठेवतात. त्यांच्यामध्ये आपल्या घरच्या मुलाने हौसेचा ड्रोन सोडणे शहाणपणाचे नाही. तीच गोष्ट हेलिकॉप्टरची. निवडणुकीच्या सभेला मंत्री येतात, आणि २०२४ पासून मध्य प्रदेशात रुग्णांसाठी सरकारी हवाई रुग्णवाहिकाही सुरू झाली आहे. माणसे असलेल्या विमानास वाट देणे ड्रोनवाल्यावर बंधनकारक आहे. मैदानात हेलिकॉप्टर उतरावयाचे असेल तर त्या वेळी ड्रोन पेटीतच असावा.

शेतीच्या फवारणीचे ड्रोन हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. कृषि केंद्र चालविणाऱ्या सभासदांनी एवढे ध्यानी ठेवावे की तो नॅनो-मायक्रोहून वरच्या वर्गातला असतो. नोंदणी व चालकाचे प्रमाणपत्र दोन्ही पाहूनच व्यवहार करावा. आणखी एक बारीक गोष्ट. ड्रोन घेऊन विमानाने प्रवास करणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या सामानात न देता हातातील पिशवीत ठेवाव्यात; सामानाच्या कोठारात लिथियमने पेट घेतला तर तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

वर्धा रोडवरील त्या विवाहाचा अल्बम पुढे सौंसरला आमच्या पाहण्यात आला. वरातीचे वरून घेतलेले एक चित्र त्यातही आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, तेथल्या रहिवाशांस विचारून, फोटोवाला स्वतः चढला होता. चित्राच्या कोपऱ्यात वधूचे मामा दिसतात. ते वर पाहत आहेत, आणि त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा आहे. पुडा त्या रहिवाशांसाठी होता, असे मागाहून कळले.